एक मीटरचा रूळ आणि आपला सीमाभाग

(वाचनालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



या व्याख्यानमालेसाठी चिटणीसांनी मला विषय कळवला तो असा : पूर्व आफ्रिकेतील एखाद्या देशाची आर्थिक वाढ आणि तेथील रस्ते, रेल्वे, वीज इत्यादी साधनांचा विकास. वास्तविक मी मराठीचा अध्यापक. मला संतकाव्य सांगितले असते तर आपल्याला आणि मलाही सोपे गेले असते. परंतु विषय मनात घोळू लागला तसे लक्षात आले, की तो परका नाही. आफ्रिकेतला जो देश मी डोळ्यांपुढे ठेवणार आहे तो केनिया, आणि केनियाची पहिली आगगाडी व आपल्या बेळगावची पहिली आगगाडी या दोघी एकाच मापाच्या रुळावरून धावल्या. ते माप एक मीटरचे.

आधी आपल्या घरची हकिकत सांगतो. १८७६ ते १८७८ या वर्षांत दख्खनवर जो भीषण दुष्काळ कोसळला, त्यात या दक्षिण महाराष्ट्राची, म्हणजे धारवाड-विजापूर-बेळगाव भागाची, फार हानी झाली. धान्य एका प्रांतात होते आणि माणसे दुसऱ्या प्रांतात मरत होती. पुढे नेमलेल्या दुष्काळ आयोगाने अशा भागांत लोहमार्ग घालावेत अशी शिफारस केली आणि १८८२ मध्ये सदर्न मराठा रेल्वे ही कंपनी स्थापन झाली. तिचे मुख्य ठाणे धारवाडला होते. १८८७ च्या सुमारास गाडी बेळगावला पोचली, आणि काही वर्षांतच पुणे ते लोंढे हा मार्ग पुरा झाला. लोंढ्याहून एक फाटा कॅसलरॉकमार्गे घाट उतरून मुरगाव बंदराला गेला. मुरगाव पोर्तुगिजांचे, पण १८७८ च्या तहाने इंग्रजांनी तेथवर रुळाची वाट मोकळी करून घेतली होती. हेतू दुष्काळनिवारणाचा सांगितला गेला आणि तो खोटा होता असे मी म्हणणार नाही. मात्र रूळ बंदराकडे का वळले याचे उत्तर दुष्काळात मिळत नाही, ते कापसाच्या गाठींत मिळते.

या मार्गावरच्या एका स्थानकाच्या नावाकडे आपले कधी लक्ष गेले आहे काय? चिकोडी रोड. ज्या स्थानकाच्या नावाला ‘रोड’ हे शेपूट असते, तेथे उतरणाऱ्याने समजावे की गाव अजून दूर आहे. निपाणीच्या नशिबी तर असे ‘रोड’सुद्धा आले नाही. १८९१ मध्ये मिरजेहून कोल्हापूरला गाडी गेली ती कोल्हापूर संस्थानाच्या पुढाकाराने. निपाणी मधल्यामध्ये राहिली, आणि तिचे सारे भवितव्य पुणे-बेंगळूर रस्त्याला बांधले गेले. त्या रस्त्याकडे मी पुढे येणारच आहे.

आता समुद्रापलीकडे जाऊ. मोंबासा बंदरापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतचा लोहमार्ग १८९६ मध्ये सुरू झाला आणि १९०१ मध्ये सरोवराच्या काठी पोचला. त्याचे नाव युगांडा रेल्वे, पण बहुतेक सारी वाट केनियातली. मीटरगेज निवडण्याचे कारण सरळ होते : हिंदुस्थानात त्या मापाची इंजिने, डबे आणि ती चालवणारी माणसे तयार होती. सुमारे ३२,००० मजूर हिंदुस्थानातून नेले गेले. त्यांतले बहुतेक पंजाबकडचे होते, आणि सुमारे २,५०० जण तिकडेच मेले. त्सावोच्या नरभक्षक सिंहांची गोष्ट आपण शिकारकथांतून वाचलेली असते. पण तापाने आणि जखमांनी जी माणसे गेली त्यांच्या कथा कोणी लिहिल्या नाहीत. १८९९ मध्ये रूळ एका पाणथळ माळावर आले, तेथे सामानाचा तळ पडला, आणि त्या तळाचे नैरोबी शहर झाले.

गाडी आली, म्हणजे वाढ झाली. कॉफी, चहा, सिसल यांची निर्यात वाढली. पण रुळाच्या दोन्ही अंगांना उंचावरची जी थंड, सुपीक जमीन होती, ती गोऱ्या वसाहतवाल्यांसाठी राखून ठेवली गेली. किकुयू शेतकरी आपल्याच मुलखात मजूर ठरला आणि कित्येक वर्षे त्याला कॉफी लावण्याचीही मोकळीक नव्हती. मालगाडी त्याच्या दारावरून जात होती. तीत त्याचा माल नव्हता.

या गोष्टीत एक मराठी माणूस आहे, आणि त्याचे नाव या सभागृहात घेतलेच पाहिजे. औंधचे राजपुत्र अप्पासाहेब पंत १९४८ मध्ये भारताचे आयुक्त म्हणून नैरोबीला गेले आणि १९५४ पर्यंत तेथे होते. औंध संस्थानात त्यांच्या वडिलांनी, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, गांधीजींच्या सल्ल्याने गावपंचायतींच्या हाती राज्यकारभार सोपवण्याचा प्रयोग केला होता, आणि त्या प्रयोगात अप्पासाहेब स्वतः राबले होते. गावचा खर्च गावाने ठरवायचा हे ज्याने डोळ्यांनी पाहिले, त्याला केनियातली घडी विपरीत वाटली नसती तरच नवल. आफ्रिकी पुढाऱ्यांशी त्यांनी स्नेह जोडला आणि तेथल्या वसाहतवाल्यांच्या डोळ्यांत ते खुपू लागले. एवढ्या लहान संस्थानातून गेलेल्या माणसाने एवढ्या मोठ्या प्रश्नाला हात घालावा, याचे मला फार अप्रूप वाटते.

श्रोतेहो, मला जे म्हणायचे आहे ते येथवर आपल्या ध्यानी आले असेल. रस्ता, रूळ, वीज यांनी संपत्ती वाढते, यात शंका नाही. ती संपत्ती त्या मुलखात किती मुरते हे मात्र दर, जागा आणि थांबा ठरवण्याचा अधिकार कोणाकडे आहे यावर अवलंबून असते. आपल्याच जिल्ह्यातली दोन उदाहरणे देतो. गोकाकच्या धबधब्यावर १८८७ मध्ये वीज निर्माण झाली. देशातल्या अगदी आरंभीच्या जलविद्युत केंद्रांत तिची गणना होते आणि आपण ते अभिमानाने सांगतो. पण ती वीज सूतगिरणीची होती. घटप्रभेच्या काठची खेडी पुढे कित्येक दशके रॉकेलच्या चिमणीवरच राहिली. दुसरे उदाहरण हुक्केरीचे. १९६९ मध्ये तेथे ग्रामीण विद्युत सहकारी संघ निघाला. विजेचे वितरण ग्राहकच सभासद असलेल्या संस्थेकडे आले. महाराष्ट्रात श्रीरामपूरकडे मुळा-प्रवरा संस्था त्याच धर्तीवर चालत होती, तिचा परवाना २०११ मध्ये गेला. हुक्केरीचा संघ आजही उभा आहे, आणि सबंध कर्नाटकात तो एकटाच आहे. त्याच्या कारभारात राजकारण शिरले नाही असे कोणी म्हणणार नाही. तरीही तार तुटली तर कोणाच्या दारात जायचे आणि निवडणुकीत कोणाला जाब विचारायचा, हे तेथल्या शेतकऱ्याला ठाऊक असते.

आता निपाणी. कोल्हापूर तिला सुमारे ४० किलोमीटर आणि बेळगाव सुमारे ७५. चिकोडी-हुक्केरीच्या काळ्या रानात पिकणारा विडीचा तंबाखू निपाणीच्या वखारींत यायचा आणि तेथून रस्त्याने देशभर जायचा. व्यापाराने गावाला पैसा दिला, हवेल्या दिल्या, शिक्षणसंस्था दिल्या. देवचंद कॉलेज तंबाखूच्याच पैशातून उभे राहिले. त्यातली गंमत अशी की गाव कर्नाटकात आणि कॉलेज रस्त्यापलीकडे अर्जुननगरला, महाराष्ट्रात. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने आखलेली रेघ आमची पोरे रोज पायी ओलांडत आली आहेत.

पण तंबाखू पिकवणाऱ्याचे काय? माल वखारीत टाकायचा, भाव मागाहून कळायचा. वजनात कडता, प्रतीत खोट, पैसे हप्त्याहप्त्याने. तंबाखू मंडळ १९७६ मध्ये गुंटूरला स्थापन झाले ते मुख्यतः सिगारेटच्या व्हर्जिनिया तंबाखूसाठी. विडीचा तंबाखू त्याच्या छत्राबाहेर राहिला. वखारींत धुळीने भरलेल्या हवेत तंबाखू झोडणाऱ्या आणि चाळणाऱ्या स्त्रियांची स्थिती अनिल अवचटांनी लिहून महाराष्ट्रापुढे ठेवली. प्रा. सुभाष जोशी यांनी त्या स्त्रियांची संघटना बांधली. पुढे शेतकरीही उठला आणि मार्च १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी निपाणीजवळ राष्ट्रीय महामार्गावर येऊन बसले. बैलगाड्या, चुली, भाकरी, भजने यांनी रस्त्यावर गावच वसले. त्याला आंदोलननगर म्हणत. वखारींतल्या बायाही शेतकऱ्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या. हे तीन आठवड्यांहून अधिक काळ चालले. ६ एप्रिल १९८१ रोजी पोलिसांनी रस्ता मोकळा केला आणि त्या गोळीबारात १२ शेतकरी मारले गेले.

मी या घटनेकडे वारंवार वळतो ते हळहळ व्यक्त करण्यासाठी नव्हे. ज्या रस्त्याने निपाणीचा व्यापार वाढवला, त्याच रस्त्यावर त्या व्यापाराचा मूळ धनी बसला, कारण आपले म्हणणे ऐकून घेणारी दुसरी जागा त्याला उरली नव्हती. बाजार समितीत त्याचा आवाज चालत नव्हता, मंडळात त्याचे पीक नव्हते, आणि राजधानी तर कोसो दूर. मुंबई-बेंगळूर वाहतूक थांबली तेव्हाच निपाणीच्या तंबाखूचा भाव देशाच्या वर्तमानपत्रांत छापून आला.

केनियातही पुढे असेच काही घडले. ३१ मे २०१७ रोजी मोंबासा-नैरोबी हा ४७२ किलोमीटरचा नवा रुंद लोहमार्ग सुरू झाला. पैसा मुख्यतः चीनच्या निर्यात-आयात बँकेच्या कर्जाचा, बांधणी चिनी कंपनीची. प्रवाशांची सोय झाली हे खरे. रात्रभराचा प्रवास पाच-सहा तासांवर आला. पण कर्ज फेडायचे तर मालवाहतूक हवी, म्हणून ऑगस्ट २०१९ मध्ये बंदरावरचा आयात माल रेल्वेनेच नेण्याचा हुकूम निघाला. मोंबासाचे ट्रकवाले, गोदामवाले, रस्त्याकाठचे खाणावळवाले हवालदिल झाले, लोक रस्त्यावर आले, आणि हुकूम मागे घ्यावा लागला. २०२० मध्ये तेथल्या अपील न्यायालयाने या कामाचा ठेका देतानाच कायदा डावलला गेल्याचा निर्णय दिला. तोवर गाडी तीन वर्षे धावत होती! २०१९ मध्ये नैवाशापर्यंत गेलेले रूळ पुढच्या कर्जाअभावी त्या वेळी तेथेच थांबले. आणि जून २०२४ मध्ये नव्या करांच्या विधेयकाविरुद्ध केनियाची तरुण पिढी संसदेवर चालून गेली. माणसे दगावली, मग विधेयक परत घेतले गेले. त्या करांमागे कर्जाचे मोठे ओझे होते, आणि त्या ओझ्यात या रुळांचाही वाटा होता.

आपल्याकडे परत येतो. या शतकाच्या आरंभी सुवर्ण चतुष्कोन योजनेत आपला महामार्ग चौपदरी झाला. हत्तरगीजवळ २००९ पासून विमानांचे सुटे भाग तयार होतात. तंबाखूच्या मुलखात विमानाचा भाग घडावा ही साधी गोष्ट नाही, आणि रस्त्यावाचून ती घडली नसती. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांचे ओतीव काम याच रस्त्याने पुण्याला जाते. नव्वदीच्या दशकात रूळही रुंद झाले आणि तो जुना एक मीटरचा मार्ग नाहीसा झाला. निपाणीला मात्र अजून रेल्वे नाही.

आज आपल्यापुढे दोन कामे आहेत. हलगा-मच्छे बगल रस्ता आणि कित्तूरमार्गे बेळगाव-धारवाड हा नवा लोहमार्ग. दोन्हींची गरज आहे असे माझे मत आहे. धारवाडला जायला लोंढ्याचा वळसा किती पडतो हे आपण जाणताच. पण बगल रस्त्याच्या वाटेत तीन पिकांची जमीन आहे आणि तेथले शेतकरी कोर्टात गेले. देसूर, गर्लगुंजी, नंदिहळ्ळीकडच्या शेतकऱ्यांनी रेल्वे नको असे म्हटलेले नाही. सुपीक रान सोडून नापीक जमिनीतून मार्ग न्यावा, एवढीच त्यांची मागणी आहे. मार्ग कोठून जावा हे त्या मातीत उभे राहणाऱ्यालाही कळते, आणि पुष्कळदा नकाशावाल्यापेक्षा आधी कळते.

या संदर्भात वाचनालयाकडे माझी एक मागणी आहे. १८८४ मध्ये प्रसिद्ध झालेला बेळगाव जिल्ह्याचा गॅझेटियर अभ्यासकांना ठाऊक आहे. आगगाडी येण्याच्या तीनच वर्षे आधीचा हा जिल्हा त्यात जसाच्या तसा सापडतो. त्यानंतर काय झाले, कोणाची जमीन कोणत्या भावाने गेली, तंबाखूची पट्टी कशी लिहीत, मीटरगेजचे वेळापत्रक कसे होते, भूसंपादनाच्या नोटिसा कोणत्या भाषेत आल्या आणि त्या किती जणांना वाचता आल्या, हे कागद घराघरांतल्या ट्रंकांत कुजत पडले आहेत. ते मागून आणावेत, त्यांची सूची करावी, कन्नड आणि इंग्रजी नोटिसांचा मराठी सारांश सोबत ठेवावा, आणि शताब्दीच्या निधीतून त्यांच्यासाठी एक स्वतंत्र कपाट करावे. नोटीस हातात घेऊन उद्या कोणी शेतकरी या पायऱ्या चढून आला, तर ग्रंथपालांनी त्याला ते कपाट उघडून द्यावे. सूचीच्या कामाला माझे विद्यार्थी येतील. त्यांची नावे मी चिटणीसांकडे दिली आहेत.