पटावरील मुलगी आणि वर्गातील मुलगी



स्त्रीशिक्षण हा जसा समाजसुधारणेचा, तसाच संशोधनाचाही विषय आहे. या दृष्टीने 1974 हे वर्ष महत्त्वाचे ठरले. देशातील स्त्रियांच्या दर्जाविषयी केंद्र शासनाने नेमलेल्या समितीचा अहवाल त्या वर्षी पूर्ण झाला. त्याच वर्षी श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात डॉ. नीरा देसाई यांच्या पुढाकाराने स्त्रीविषयक संशोधनाचे केंद्र सुरू झाले. पालकांच्या अज्ञानावर सारा दोष टाकून मोकळे होणे त्यानंतर कठीण झाले.

भारतीय शिक्षण संस्थेने डॉ. चित्रा नाईक यांच्या मार्गदर्शनाखाली 1979 पासून पुणे जिल्ह्यात अनौपचारिक प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला. दिवसा कामात गुंतलेल्या मुलांसाठी गावातच संध्याकाळी वर्ग भरत. त्यांत मुलींची संख्या मोठी होती. शिकण्याची ओढ होती; शाळेची वेळ मात्र त्यांच्या कामाशी जुळत नव्हती.

यवतमाळ जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेनुसार पुरुषांची साक्षरता सुमारे 89 टक्के, तर स्त्रियांची सुमारे 76 टक्के होती. हे प्रमाण राज्याच्या सरासरीइतकेच आहे. परंतु सरासरीत यवतमाळ शहर, बंजारा तांडा आणि झरी-जामणीकडील कोलाम पोड एकाच रकान्यात येतात.

हा जिल्हा कापसाचा. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. त्यामुळे हंगामात घरातील प्रत्येक हात मोलाचा असतो. आई शेतावर गेली की धाकटे भावंड थोरल्या बहिणीच्या कडेवर येते. तिचे नाव पटावर राहते, पण ती वर्गात नसते. चार महिन्यांचा खंड पडला की अभ्यास मागे राहतो आणि पुढे शाळाच सुटते.

यावरील उपाय महाराष्ट्राला अपरिचित नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणल्या. भावंड सुरक्षित राहिले की बहीण शिकू शकते, हे त्यामागील सूत्र होते.

तेव्हा शिक्षकांनी मुलींची उपस्थिती महिनेवार व स्वतंत्र मांडावी. ती ग्रामसभेपुढे ठेवावी. वेचणीच्या काळात अंगणवाडी आईच्या कामाच्या वेळेशी कशी जुळवता येईल, याचा विचार पंचायत सदस्यांनी करावा. अधिकाऱ्यांनी पटसंख्येबरोबर उपस्थितीही विचारावी. संशोधनाने प्रश्न दाखवून दिला आहे. त्याचे उत्तर गावागावांतून द्यावयाचे आहे.