साहेबांची बँक आणि एक रुपयाची नोट
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला बोलावयास सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. हळदीकुंकवाचे वाण बांधावयाचे असेल तर मला सांगा, भाषण कसले? पण त्या म्हणाल्या, "तुमचे सासरे परदेशी बँकेत होते ना, मग त्यावरच बोला." म्हणून मामंजींकडून जे ऐकले तेच आज सांगते. कायद्याची साले आणि आकडे माझ्या मुलाने पुस्तकांतून काढून दिले आहेत. चूक निघाली तर कान त्याचा धरावा.

मामंजी १९६२ साली फोर्टातल्या एका विलायती बँकेत शिपाई म्हणून लागले. बँकेचे नाव घेत नाही. तेव्हा फ्लोरा फाउंटनच्या आसपास अशा कितीतरी बँका होत्या. चार्टर्ड बँक १८५८ सालीच हिंदुस्थानात आलेली. मर्कंटाईल बँक तर १८५३ साली मुंबईतच जन्मली, पुढे लंडनची झाली आणि १९५९ साली हाँगकाँग बँकेने ती विकत घेतली. मोठमोठ्या दगडी इमारती, दाराशी पगडीवाला दरवान. चाळीतल्या बायका सासूबाईंना म्हणत, "तुमचे काय बाई, तुम्ही साहेबांच्या बँकेतल्या!"

मामंजी यावर हसत. म्हणत, "साहेब कसला, तो आपल्यासारखाच भाडेकरू आहे. खिळा ठोकायचा तरी घरमालकाला विचारतो."

हा घरमालक म्हणजे आपली रिझर्व्ह बँक. १९४९ साली बँकांचा कायदा झाला. तेव्हापासून नवी शाखा उघडावयाची तर तिची परवानगी लागे. फाउंटनवरून उठून दादरला दुकान मांडीन म्हटले तर तसे चालत नसे. मुंबईत किंवा कलकत्त्यात धंदा करणाऱ्या परदेशी बँकेला वीस लाख रुपये रिझर्व्ह बँकेपाशी अनामत ठेवावे लागत. पुढे १९६२ पासून दर वर्षीच्या नफ्यातले शंभरास वीस रुपये त्यात भरावे लागू लागले. शिवाय इथल्या लोकांचे शंभर रुपये घेतले असतील, तर निदान पंचाहत्तर रुपयांची मालमत्ता या देशातच ठेवली पाहिजे, असाही नियम होता. उरलेला नफा लंडनला पाठवावयाचा तर पुन्हा अर्ज. आपल्या आजोबांच्या पिढीने साहेबांपुढे अर्ज केले, आता साहेब अर्ज करू लागले. मामंजींना याची मोठी गंमत वाटे, कारण ते अर्ज हातात घेऊन मिंट रोडला रिझर्व्ह बँकेत जाणारे तेच होते. उन्हातून दिवसाला दोन-दोन खेपा होत.

पण मैत्रिणींनो, यात एक मेख होती. परदेशी चलनाचा व्यवहार करण्याचा परवाना याच बँकांना होता, आणि त्याबरोबर राखणीचे कामही त्यांच्याच गळ्यात होते. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पौंडाचे कारण कागदावर लिहून घ्यावयाचे. देशात परदेशी चलनाची फार टंचाई, म्हणून हा बंदोबस्त. १९७० च्या सुमारास परदेशी निघालेल्या माणसाला आठ डॉलर बरोबर नेता येत. आठ! मामंजी सांगत, कोणाचा मुलगा शिकावयास निघालेला असे, आणि बाप फॉर्म हातात धरून साहेबाला विनवीत असे. साहेब मान हलवी. त्याच्या हातात काही नव्हते.

आपल्यासारख्यांना मात्र त्या बँकेत पाऊल ठेवण्याचे कारणच नव्हते. परवाना मिळत नाही हे एक कारण झाले, आणि चाळीत येण्याचे त्यांच्या मनातही नव्हते, असे मला आपले वाटते. मामंजींनी छत्तीस वर्षे तिथे नोकरी केली, पण घरची शिल्लक पोस्टात. १९६९ च्या १९ जुलैला इंदिराबाईंनी चौदा मोठ्या बँका सरकारी केल्या, तेव्हा परदेशी बँकांना हात लावला नाही. त्यांचा मुख्य धंदा परदेशी व्यापाराचा, आणि आपल्याही बँकांच्या शाखा परदेशात होत्या. तिकडे कोणी उलट वागले तर, हा विचार. मामंजींच्या बरोबरीच्या लोकांना वाटले होते की आपणही सरकारी होणार. मामंजींनी चार दिवस वाट पाहिली, मग पुन्हा खेपा सुरू.

आता जे सांगते ते सासूबाईंच्या परवानगीने सांगते. त्या पुढच्याच रांगेत बसल्या आहेत.

सासूबाईंचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे मामेसासरे, १९७६ साली दुबईला गेले. गाव रत्नागिरी जिल्ह्यात, घरावर छप्पर धड नाही. ठरले असे की त्यांनी पैसे बहिणीकडे पाठवावे आणि छप्पर पुरे करावे. पहिले दोन ड्राफ्ट रजिस्टर पोस्टाने आले. यावयास दिवस लागत, वटावयास आणखी दिवस लागत, आणि डॉलरचा भाव सरकारी. त्यात बँक एक पैसा इकडचा तिकडे करू शकत नसे.

मग एके दुपारी एक गृहस्थ आला. पांढरे कपडे, बोलणे गोड. "ताई, तुमच्या भावाने तिकडे आमच्या माणसाला पैसे दिले की दोन दिवसांत इथे तुमच्या हातात. बँकेच्या शंभराला आम्ही एकशेबारा देऊ." त्याने एक रुपयाची नोट दिली. पैसे घेऊन येणारा ती नोट मागेल, नंबर जुळला की रक्कम मोजील. सासूबाईंनी मामंजींना सांगितले नाही. दोन वेळा पैसे चोख आले. तिसऱ्या वेळी मामेसासऱ्यांनी वर्षाची शिल्लक दिली, चार हजार रुपये. इथे कोणीच आले नाही.

आठ दिवस सासूबाई दाराकडे कान लावून बसल्या. नवव्या दिवशी त्यांनी मामंजींना सांगितले. मामंजी त्या रात्री जेवले नाहीत, रागावलेही नाहीत. पोलिसांत जावे तर आपणच गुन्हा कबूल केल्यासारखे. १९७३ चा परकीय चलनाचा कायदा फार कडक होता, त्यात तुरुंगही होता. शिवाय मामंजी ज्या बँकेत नोकरीला, तिचे कामच असले व्यवहार होऊ न देण्याचे. कळले असते तर नोकरी राहिली नसती. दोघांनी तोंड मिटले. मे महिन्यात भाऊ यावयाचा होता, म्हणून सासूबाईंनी आपल्या पाटल्या विकून छप्पर घातले. भावाला हे वीस वर्षांनी कळले. पाटल्या पुन्हा झाल्या नाहीत.

मी पुष्कळदा विचार करते, दोष कोणाचा? सरकारने भाव बांधून ठेवला नसता तर त्या गृहस्थाला आमच्या दारी येण्याचे कारण नव्हते. आणि काहीच बंधन नसते तर ज्यांच्याजवळ पुष्कळ होते त्यांनी सगळे बाहेर नेले असते. मला दोन्ही पटते. सासूबाईंना विचाराल तर त्या म्हणतात, दोष हावेचा, आणि तो माझा. मला ते पटत नाही. भावाच्या घरावर छप्पर यावे ही काय हाव झाली?

१९९१ साली देशाची तीच अवस्था झाली, जी घरात पाटल्या काढताना होते. जवळजवळ सत्तेचाळीस टन सोने जुलैमध्ये परदेशी गहाण ठेवावे लागले. बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपान यांच्याकडून त्यावर पैसे घेतले. पुढे बंधने एकेक करून सैल झाली. परदेशी बँकांना सवलती मिळाल्या, पण १९९३ पासून त्यांनाही शंभरातले बत्तीस रुपये निर्यात, लहान उद्योग अशा सरकारने ठरवलेल्या कामांनाच द्यावे लागू लागले. जुना कायदा जाऊन नवा आला, तो १ जून २००० पासून चालू झाला. त्यात तुरुंगाऐवजी दंडावर भर आहे, मात्र दंड रकमेच्या तिप्पट होऊ शकतो. हवाला आजही बेकायदाच आहे.

आपल्या गल्लीतली किती मुले आज आखातात आहेत ते तुम्ही जाणताच. आता पैसे सरळ खात्यात येतात, ड्राफ्टची वाट पाहावी लागत नाही. तरीही गेल्या वर्षी आपल्याच एका भगिनीला असाच निरोप आला, "बँकेपेक्षा जास्त देऊ". ती सासूबाईंकडे सल्ला विचारावयास आली. सासूबाईंनी उत्तर दिले नाही, ट्रंक उघडली. ट्रंकेत बँकेच्या दोन पावत्या आहेत आणि तिसऱ्या वेळची ती एक रुपयाची नोट आहे, जी मागावयास कोणी आले नाही. तिन्ही कागद मी आज पिशवीतून आणले आहेत. चहाच्या वेळी ज्यांना पाहावयाचे असतील त्यांनी पाहावे, फक्त हात ओले नसावेत.