औषध कोंबडीला दिलं, पण मातीचं काय?

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत एका पशुसखीने केलेले भाषण)



मागच्या पावसाळ्यात गटाच्या कर्जातून मी वीस पिल्लं घेतली. दोन महिन्यांत सात मेली. बाकीची खायची, पण अंग धरायची नाहीत. मेलेलं एक पिल्लू दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी आतडं उघडून दाखवलं, तर आत शेवयांसारखे पांढरे जंत! औषध दिलं, पिल्लं सुधारली. दोन महिन्यांनी पुन्हा तेच.

मग कळलं, जंत पोटात असले तरी त्यांची अंडी खुराड्याच्या मातीत असतात. विष्ठेतून पडलेलं अंडं लगेच बाधत नाही. ओल आणि ऊब मिळाली की साधारण दोन आठवड्यांत त्यात अळी तयार होते. कोंबडी माती उकरून टिपते, तेव्हा ते पोटात जातं. ओलसर, सावलीच्या मातीत ही अंडी कित्येक महिने टिकतात.

म्हणून आता मी दर आठवड्याला विष्ठा खरवडून खड्ड्यात कुजवते, ताजी परसबागेत टाकत नाही. खुराड्यातली वरची ओली माती काढून टाकली, जागा कोरडी ठेवते. दाणा जमिनीवर नाही, भांड्यात. पिल्लं वेगळी ठेवते, कारण धडधाकट दिसणाऱ्या मोठ्या कोंबडीच्या पोटातही जंत असू शकतात. औषध डॉक्टरांना विचारूनच; त्या दिवसांतली अंडी खायची-विकायची का, हेही त्यांनाच विचारायचं.

मेलेल्या पिल्लाचा हप्ता काही माफ होत नाही, बायांनो. आज घरी गेल्यावर आधी खुराड्याची माती बघा.