विदुराश्वत्थ येथील जखमी

आपल्या या बनशंकरीपासून उत्तरेस, गौरीबिदनूर तालुक्यात, विदुराश्वत्थ नावाचे तीर्थक्षेत्र आहे. मुंबईच्या हुतात्मा चौकाइतके ते मराठी वाचकांस परिचित नाही. २५ एप्रिल १९३८ रोजी म्हैसूर संस्थानची बंदी असताना तिरंगा फडकविण्यासाठी तेथे निःशस्त्र लोक जमले, आणि पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. स्मारकावर ३२ नावे आहेत. सरकारी आकडा त्याहून बराच कमी होता.

या प्रसंगाचा मजकूर मराठीत आणताना माझी लेखणी एका साध्या वाक्याशी अडखळली. 'गोळीबार झाला' असे आपण सहज लिहून जातो, जणू पाऊसच झाला! झाडणारा त्या वाक्यात कोठेच दिसत नाही. 'सौम्य लाठीमार' हाही तसाच शब्द. ज्याचे डोके फुटले, त्याला तो सौम्य वाटला असेल काय? मी 'पोलिसांनी गोळ्या झाडल्या' असेच लिहिले.

जखमींपाशी मात्र शब्द बदलून भागत नाही. शिळेवर नावे कोरली जातात ती मृतांची. पुढच्याच महिन्यात वल्लभभाई पटेल व दिवाण मिर्झा इस्माईल यांच्यात समझोता झाला, आणि संस्थानच्या ध्वजाशेजारी तिरंगा लावण्यास मुभा मिळाली. तोवर कित्येकांच्या जखमा भरल्याही नसतील.