रुग्णशय्येपाशी औषधशास्त्राची परीक्षा

(औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या रुग्णालयीन प्रशिक्षणाच्या प्रारंभी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



‘फार्मासिस्ट’ या शब्दासाठी मराठीत ‘औषधनिर्माता’ हा शब्द रूढ आहे. शासकीय रुग्णालयात औषधांच्या खिडकीमागे बसणाऱ्या अधिकाऱ्याचे पदनामही ‘औषध निर्माण अधिकारी’ असेच आहे. वास्तविक त्या खिडकीमागे आज औषध निर्माण होत नाही; ते कारखान्यातून वेष्टनात बंद होऊन येते. मग खिडकीमागच्या माणसाने नेमके कोणते कार्य करावयाचे? आजपासून वॉर्डात पाऊल टाकणाऱ्या विद्यार्थ्यांना याच प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे आहे.

हे पदनाम कसे रूढ झाले, याला इतिहास आहे. महादेवलाल श्रॉफ यांनी 1932 मध्ये बनारस हिंदू विश्वविद्यालयात औषधशास्त्राच्या शिक्षणाचा पाया घातला, तेव्हा देशापुढील निकड वेगळी होती. बाजारात निकृष्ट व भेसळयुक्त औषधांचा सुळसुळाट होता. कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीने 1931 च्या अहवालात त्यावर बोट ठेवले होते. उत्तम औषध देशातच तयार करणारे आणि त्याची शुद्धता पारखणारे तज्ज्ञ घडविणे, हे त्या काळाचे कर्तव्य होते. 1948 च्या फार्मसी कायद्याने या व्यवसायाला शिस्त लावली. पुढे भारत औषधनिर्मितीत स्वावलंबी झाला, जगाला औषधे पुरवू लागला. त्या पिढीने आपले काम चोख बजावले.

परंतु शुद्ध गोळी तयार झाली, म्हणजे रुग्ण बरा झाला असे नव्हे. कारखान्याच्या दारापासून रुग्णाच्या ओठापर्यंतचा प्रवास शिल्लक राहतो आणि या अखेरच्या टप्प्यावर लक्ष ठेवणारा माणूस आपल्या व्यवस्थेत फारसा नव्हता. ही उणीव ओळखून भारतीय फार्मसी परिषदेने 2008 मध्ये ‘फार्म डी’ हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला. त्यात पाचव्या वर्षी वॉर्डातील ‘क्लर्कशिप’ असते आणि सहावे संपूर्ण वर्ष रुग्णालयातील आंतरवासितेचे असते. त्यांपैकी सहा महिने सामान्य वैद्यकशास्त्र विभागात आणि उरलेले सहा महिने, प्रत्येकी दोन याप्रमाणे, अन्य तीन विभागांत काढावयाचे असतात. पदविका घेणाऱ्यांनाही पाचशे तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण आवश्यक आहे. त्यातले निम्मे तास डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे औषध देण्यासाठी राखलेले आहेत.

कागदावरची ही योजना उत्तम आहे. तथापि, पाचशे तासांचे प्रशिक्षण केवळ सही-शिक्क्याने पुरे होऊ शकते आणि वर्षभराची आंतरवासिता डॉक्टरांच्या घोळक्यात शेवटच्या रांगेत उभे राहूनही संपू शकते. प्रमाणपत्र दोघांनाही सारखेच मिळते. फरक पडतो तो रुग्णाला.

एक उदाहरण घेऊ. समजा, संधिवाताने आखडलेल्या बोटांची एक वृद्ध बाई तोंडात फोड आणि अंगात ताप घेऊन वॉर्डात दाखल झाली. रक्तातील पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घटलेल्या आहेत. केसपेपरवर पूर्वीच्या औषधांत ‘मेथोट्रेक्सेट’ असे नाव आहे. संधिवातासाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यावयाची असते. बाईंच्या उशाशी मेडिकलमधून मिळालेली कागदी पिशवी आहे आणि तिच्यावर सवयीने लिहिले आहे, ‘रोज एक’. बाईंनी दोन आठवडे सांगितल्याप्रमाणे निष्ठेने रोज एक गोळी घेतली. येथे औषध शुद्ध होते, निदान अचूक होते, चिठ्ठीही बरोबर होती. तरीही बाईंचा जीव धोक्यात आला, कारण ती गोळी त्या कशा घेतात, हे कोणी विचारलेच नाही.

या ठिकाणी प्रश्न कसा विचारला जातो, यालाही महत्त्व आहे. ‘आजी, गोळ्या वेळेवर घेता ना?’ असे विचारले, तर उत्तर ‘हो’ असेच येणार. त्या ‘ना’मध्येच उत्तर दडलेले असते आणि शिकलेल्या माणसाला नाही म्हणणे आपल्या वडीलधाऱ्यांना जड जाते. त्याऐवजी ‘आजी, ही गोळी तुम्ही कशी घेता, सांगा बरे,’ असे म्हटले, तर पिशवी बाहेर निघते आणि सत्यही बाहेर येते. रुग्णालयातील प्रशिक्षणाचा पहिला धडा हाच आहे.

दुसरा धडा रुग्णाच्या घरातला आहे. मधुमेहाचा एखादा रुग्ण एकादशीला निरंकार उपवास करतो आणि ग्लिमेपिराइडची गोळी मात्र न चुकता घेतो. दुपारी त्याला दरदरून घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. त्याच्या श्रद्धेची थट्टा करून काही साधत नाही. उपवास कोणत्या दिवशी असतात, त्या दिवशी काय खाल्ले जाते, हे आधी विचारून डॉक्टरांच्या कानावर घालणे हा खरा उपाय होय. हीच गोष्ट घरगुती काढ्यांची. डॉक्टर रागावतील या भीतीने रुग्ण त्याविषयी बोलत नाही. ज्येष्ठमध हे आपल्या परंपरेतील मोलाचे औषध. पण दीर्घकाळ मोठ्या प्रमाणात घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि शरीरातील पोटॅशियम घटते. हृदयरोगासाठी डिगॉक्सिन घेणाऱ्याला ही घट घातक ठरू शकते. ज्याला परंपरेविषयी आदर आहे, त्यालाच रुग्ण काढ्याची गोष्ट सांगेल. आणि ज्याला विज्ञान ठाऊक आहे, त्यालाच तिचा अर्थ कळेल. विद्यार्थ्याजवळ दोन्ही हवे.

दैनंदिन काम दिसायला साधे आहे. राउंडपूर्वी केसपेपर वाचावयाचा. वय, वजन, मूत्रपिंडाचे कार्य आणि औषधांची ॲलर्जी यांची नोंद घ्यावयाची. चालू असलेले प्रत्येक औषध कोणत्या कारणासाठी आहे, हे ताडून पाहावयाचे. जेंटामायसिन किंवा अमिकासिनची मात्रा मूत्रपिंड दुर्बल असलेल्या रुग्णाला नेहमीप्रमाणे देता येत नाही. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन सुरू झाले, की वॉरफरिनचा रक्त पातळ ठेवण्याचा परिणाम कमी होतो. पुस्तकातील ही वाक्ये परीक्षेत पाच गुणांची असतात. वॉर्डात त्यांना खाटेचा क्रमांक असतो.

उणीव दिसली, तर विद्यार्थ्याने काय करावे? केसपेपरवर स्वतः खाडाखोड करण्याचा किंवा मात्रा बदलण्याचा त्याला अधिकार नाही. रुग्णासमोर डॉक्टरांची चूक काढणे हाही मार्ग नव्हे. त्याने रुग्णाचा विश्वास ढळतो. आपली शंका त्याने आधारासह आपल्या मार्गदर्शकांपुढे आणि त्यांच्या संमतीने डॉक्टरांपुढे मांडावी. मात्र मर्यादा म्हणजे मौन नव्हे. आपण लहान, त्यात डॉक्टर नव्हे, मग कसे बोलावे, या संकोचाने गिळलेल्या एका वाक्याची किंमत कोणा तिसऱ्यालाच मोजावी लागते. वरिष्ठांकडेही एक विनंती करावीशी वाटते. चाळीस रुग्ण पाहून थकलेल्या निवासी डॉक्टरला आणखी एक जागरूक नजर मिळाली, तर तो उपमर्द नसून साहाय्य आहे. दहा शंकांपैकी नऊ निराधार निघाल्या, तरी दहावीसाठी त्या नऊ ऐकून घ्याव्या लागतील.

या कामाला राष्ट्रीय परिमाणही आहे. 2010 मध्ये देशात औषधदक्षता कार्यक्रम सुरू झाला आणि 2011 पासून गाझियाबाद येथील भारतीय औषधकोश आयोग त्याचे राष्ट्रीय केंद्र म्हणून काम पाहतो. औषधाच्या दुष्परिणामाचा संशय आला, तर त्याचा अहवाल तेथे जातो. त्यासाठी खात्री लागत नाही. संशय पुरेसा असतो. लहान गावातील एका वॉर्डात भरलेला तो फॉर्म इतर ठिकाणच्या नोंदींशी जुळला, तर उद्या देशभरच्या रुग्णांना सावध करणारी सूचना निघू शकते.

या मार्गावर मानमरातब फारसा नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. या विद्यार्थ्यांसाठी शासकीय रुग्णालयांत स्वतंत्र पदे सर्वत्र निर्माण झालेली नाहीत. सहा वर्षे शिकूनही पुढे काय, हा त्यांच्या पालकांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर धोरणकर्त्यांनी द्यावयास हवे. परंतु पद मागताना कार्य दाखवावे लागते. ज्या वॉर्डात हा विद्यार्थी नसला तर डॉक्टरांना, सिस्टरना आणि रुग्णाला चुकल्यासारखे वाटेल, त्या वॉर्डातूनच उद्या त्या पदाची मागणी येईल.

उद्या सकाळी राउंड सुरू होईल. त्यापूर्वी प्रत्येकाने एका तरी रुग्णाजवळ बसावे, त्याची औषधांची पिशवी उघडावी आणि विचारावे, ‘ही गोळी तुम्ही कशी घेता?’ मग त्याचे बोलणे शेवटपर्यंत ऐकावे.