‘यापैकी एक’ आणि ‘नेमके हेच’

आज माझीच एक चूक सांगतो.

आमच्या म्हसवडात एका योजनेची यादी काढायची होती. आधार, सातबारा, पासबुक असे तिन्ही कागद दिलेल्यांनाच बोलवायचं. टेबलात एका कागदाला एक ओळ. मी लिहिलं: व्हेअर कागद इन, कंसात तिन्ही नावं. झालं! एक आजी भर उन्हात एसटीनं आल्या. त्यांचं नुसतं आधार जमा होतं. हेलपाटा फुकट.

कारण ‘इन’ म्हणजे ‘यापैकी कोणताही’. ‘अँड’ लावलं असतं तर यादी रिकामी आली असती. एकाच ओळीत तीन कागद कसे असतील?

मग काय करायचं? ‘इन’ राहू द्या, ग्रुप बाय अर्जदार करा, आणि हॅविंग काउंट डिस्टिंक्ट कागद बरोबर ३. डिस्टिंक्ट विसरू नका, नाहीतर आधार तीनदा चढवलेला माणूसही पास होतो.

आता फक्त सातबारा राहिलेले शोधायचेत. म्हणजे आधार, पासबुक, बाकी काही नाही. इथं ‘व्हेअर’ काढून टाका, नाहीतर जास्तीचा कागद दिसतच नाही. हॅविंगमध्ये दोन अटी: एकूण वेगळे कागद २, आणि केस व्हेन लावून मोजलेले आधार-पासबुकही २.

रिलेशनल मॉडेल १९७० मध्ये एडगर कॉड यांनी मांडलं. त्या गणितात ‘सगळे हवेत’ या प्रश्नाला भागाकार म्हणतात. एसक्यूएलमध्ये त्याला थेट शब्द नाही, म्हणून ही मोजणी.

यादी धाडण्याआधी दोन-चार नावं हातानं तपासा. उन्हातून येणारा माणूस आपल्याला स्क्रीनवर दिसत नाही. भेटू पुढच्या भागात!