मसाल्याच्या डब्यातले दगडफूल
(उत्सवातील भाषणाचा मजकूर)



दिल्लीत इतकी वर्षे राहूनही आपला गोडा मसाला दगडफुलाशिवाय होत नाही. पण ते फूल नव्हेच! बुरशी आणि शेवाळ यांचा तो एकत्र संसार आहे. बुरशी घर बांधते, पाणी धरते. शेवाळ उन्हावर अन्न तयार करते. दगडफुलाला मुळे नसतात, सारे काही हवेतून घ्यायचे. म्हणून विषारी धूर त्याला आधी बाधतो. महाबळेश्वरच्या खोडांवर त्याची भावंडे दाटीने दिसतात; इथे रिंग रोडच्या कडेला शोधून पाहा. जी हवा त्याला सोसत नाही, तीच आपली मुले घेतात.

अळंबीचे वेगळे. पावसाळ्यात जुन्या बुंध्यावर पंख्यासारखी कडक अळंबी दिसली, तर आतले लाकूड कुजत असल्याची ती खूण समजावी. तिथे मुलांना खेळू देऊ नये. पालिकेच्या उद्यान विभागाला कळवावे.

२०१८ साली पुनर्विकासासाठी सरोजिनी नगरची झाडे तोडण्याचा प्रश्न उच्च न्यायालयात गेला. रोप एका दिवसात लावता येते. जुने खोड मात्र लावता येत नाही. बाप्पाला दूर्वा वाहताना दारातल्या झाडाकडेही एकदा पाहावे, एवढीच विनंती.

गणपती बाप्पा मोरया!